एकाकी माणसाचा द्वितीय पुरुष : ‘१२७ अवर्स’ या चित्रपटासंबंधी काही विचार

निसर्गाच्या कचाट्यात एकटाच सापडलेला माणूस आणि त्याची सुटकेसाठी चाललेली झुंज हा विषय घेऊन चित्रपट निघाला, की त्याची समीक्षा बहुधा इच्छाशक्ती, धैर्य, मृत्यूचे भय या शब्दांपासून आरंभ करते आणि त्याच शब्दांपाशी येऊन थांबते. डॅनी बॉइल यांच्या ‘१२७ अवर्स’ (२०१०) या चित्रपटाच्या वाट्यालाही हेच आले. त्यातील हात कापण्याचा प्रसंग पाहताना काही प्रेक्षकांना भोवळ आल्याची वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून या चित्रपटाची चर्चा त्या काही मिनिटांभोवतीच घोटाळत राहिली आहे. या चर्चेत एक अगदी साधी गोष्ट दृष्टीआड होते. सुमारे दीड तासाच्या या चित्रपटात, दगडाखाली हात अडकून पडलेला हा एकटा माणूस फार वेळ बोलत असतो. तो कोणाशी बोलतो? प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या प्रश्नाचा. भाषेच्या अभ्यासकाने चित्रपटाच्या प्रांतात शिरावे की नाही, याविषयी आमच्या काही सहकाऱ्यांच्या मनात किंतु आहे. परंतु ज्या कृतीत नाट्याचा सगळा भार एकाच माणसाच्या वाणीवर पडला आहे, ती कृती आमच्या प्रांताबाहेरची कशी समजावयाची?

चित्रपटामागील घटना सर्वश्रुत असली तरी तिचा थोडक्यात निर्देश केला पाहिजे. अ‍ॅरन राल्स्टन हे शिक्षणाने यंत्र-अभियंता. गिर्यारोहणासाठी त्यांनी नोकरी सोडली होती. शनिवार, २६ एप्रिल २००३ या दिवशी ते अमेरिकेच्या यूटा राज्यातील ब्लूजॉन कॅन्यन या चिंचोळ्या घळीत उतरत असता एक निखळलेला मोठा धोंडा त्यांच्या उजव्या हातावर आला आणि हात धोंडा व कातळभिंत यांच्यामध्ये चिणला गेला. कोठे जात आहोत हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. गुरुवार, १ मे रोजी त्यांनी हाताची दोन्ही हाडे मोडून, एका बोथट हत्याराने हात कापून स्वतःची सुटका केली. पुढे त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, व त्याच्या आधारे बॉइल आणि सायमन बोफॉय यांनी पटकथा रचली. राल्स्टनची भूमिका जेम्स फ्रँको यांनी केली असून संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. बॉइल, बोफॉय आणि रहमान यांनी यापूर्वी ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ (२००८) या चित्रपटात मुंबईची गर्दी रंगविली होती. त्याच मंडळींनी लगोलग निर्मनुष्य घळीचा विषय घ्यावा यात एक गंमत आहे, आणि तिचा संबंध पुढे येणार आहे.

एकट्याने बोलणे याला आपण सरसकट ‘स्वगत’ म्हणतो. हा शब्द नाट्यशास्त्राने दिला, परंतु नाट्यशास्त्राची परिभाषा याहून कितीतरी सूक्ष्म होती. इतर पात्रांना ऐकू न जाणारे ते स्वगत. रंगभूमीवर नसलेल्या माणसाला उद्देशून बोलणे, त्याचे उत्तर जणू ऐकणे, आणि ‘काय म्हणतोस?’ असे विचारून ते उत्तर आपल्याच तोंडाने प्रेक्षकांना कळविणे, हे आकाशभाषित. ‘भाण’ नावाचा रूपकप्रकार तर पूर्णपणे या आकाशभाषितावर उभा असतो. त्यात पात्र एकच असते, पण ते भर वस्तीतून हिंडते आणि पावलोपावली अदृश्य माणसांशी बोलते. ‘१२७ अवर्स’मधील बोलणे हे स्वगत नाही, आकाशभाषित आहे, असे आमचे मत आहे. हा भेद केवळ नावाचा नाही. स्वगतात श्रोत्याची अपेक्षा नसते. आकाशभाषितात श्रोता असावाच लागतो, आणि नसेल तर तो निर्माण करावा लागतो.

भाषाविज्ञानाला आणि मानसशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे एकमेकांवाचून संभवत नाहीत असे प्रतिपादिले. ‘तो’ त्या अर्थाने ‘पुरुष’ नाही, ज्या अर्थाने ही दोन पुरुषवाचके आहेत. ती बोलण्याच्या क्रियेतच जन्मतात, आणि ‘मी’ म्हणणारा प्रत्येक जण त्याच क्षणी समोर एक ‘तू’ उभा करतो. त्याआधी, १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लेव विगोत्स्की यांनी लहान मुलांच्या आत्मकेंद्री भाषणासंबंधीचे आपले प्रयोग मांडले होते. काम करताना मूल आपल्याशीच बोलते, आणि कामात अडथळा आला की हे बोलणे वाढते. परंतु त्याच मुलाला मूकबधिर मुलांत किंवा परभाषी मुलांत बसविले, किंवा भोवती इतका गोंगाट केला की काहीच ऐकू जाऊ नये, तर हे बोलणे झपाट्याने घटते. म्हणजे जे बोलणे आपल्याला पूर्णतः स्वतःसाठी वाटते त्यालासुद्धा कोणीतरी ऐकत आहे, कोणाला तरी कळत आहे, हा भास आवश्यक असतो. तो भास नष्ट झाला की वाणी थांबते. घळीत अडकलेल्या माणसाचा प्रश्न नेमका हाच आहे, आणि बॉइल यांनी तो फार लवकर ओळखला आहे.

चित्रपटाचा आरंभ पाहा. पडदा उभ्या पट्ट्यांत विभागलेला आहे आणि त्यांतून माणसांचे लोंढे वाहत आहेत: क्रीडांगणावरचे, रस्त्यांवरचे, कामावर निघालेले. त्या लोंढ्यांतून नायक बाहेर पडतो. घरी दूरध्वनी खणखणतो, तो उचलत नाही. घरचा निरोप यंत्रावर नोंदला जातो आणि नायक सामान भरीत राहतो. फडताळाच्या वरच्या खणात त्याचा हात चांगला चाकू चाचपडतो आणि थोडक्यात चुकतो. समीक्षकांनी चाकूविषयी पुष्कळ लिहिले आहे. दूरध्वनी मात्र त्यांच्या लेखी केवळ स्वभावदर्शनाचा तपशील ठरला. वस्तुतः कथेचे बीज तेथे आहे. कोणीतरी त्याला ‘तू’ म्हणून हाक मारीत आहे, आणि तो त्या हाकेचा ‘मी’ होण्यास नकार देत आहे. वाटेत त्याला दोन तरुणी भेटतात. त्यांच्याशी तो मोकळेपणे बोलतो, कारण त्या बोलण्यात कोणतेही बंधन नाही. मग धोंडा निखळतो, आणि तेव्हा कुठे चित्रपटाचे नाव पडद्यावर येते.

अडकल्यावर त्याच्या तोंडून प्रथम त्या दोन तरुणींची नावे हाकेच्या रूपाने बाहेर पडतात, आणि कॅमेरा घळीतून वर वर जाऊ लागतो. हाक बारीक होत जाते, घळ ही एक भेग होऊन जाते, आणि मग अफाट वाळवंट उरते. या एका चित्रणात विगोत्स्कींचा सगळा प्रयोग आला आहे. श्रोता नाही हे नायकाला कळते ते येथे. यानंतर तो हाका मारणे जवळजवळ सोडून देतो आणि जवळच्या लहानशा व्हिडिओ कॅमेऱ्याकडे वळतो. कॅमेऱ्यासमोरचे त्याचे पहिले निवेदन आई-वडिलांना उद्देशून नाही. दिवस, वेळ, स्थळ, स्वतःचे नाव, आणि ज्याला कोणाला हे सापडेल त्याने ते आपल्या आई-वडिलांकडे पोहोचवावे ही विनंती, असा त्याचा मसुदा आहे. श्रोता अनामिक आणि भविष्यकाळातला. आई-वडील येथे अजून तृतीय पुरुषात आहेत. पुढच्या निवेदनांत ते द्वितीय पुरुषात येतात. व्याकरणातला हा बदल हीच या चित्रपटातील खरी घटना होय, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

हा बदल इंग्रजीत सहज लपून जातो. त्या भाषेत ‘यू’ एकच. हे संवाद मराठीत आणावयाचे ठरविले की मात्र अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी उभे राहून विचार करावा लागतो. अनामिक शोधकर्त्याला ‘तुम्ही’. आईला ‘तू’. वडिलांना बहुतेक घरांत ‘तुम्ही’, अलीकडच्या घरांत ‘तू’ही. दोघांना एकत्र उद्देशून पुन्हा ‘तुम्ही’, पण हे ‘तुम्ही’ आदराचे नसून अनेकत्वाचे. स्वतःला दरडावताना ‘तू’, किंबहुना ‘अरे शहाण्या’ किंवा ‘बाबा रे’. आणि पेचातून वाट काढताना? येथे मराठीपाशी असे एक सर्वनाम आहे, की ज्याच्या तोडीचे इंग्रजीत काही नाही. एकटा मराठी माणूस अडचणीत सापडला तर स्वतःशी ‘आता मी असे करतो’ असे क्वचितच म्हणेल. तो म्हणेल, ‘आता आपण असे करू.’ हे ‘आपण’ मोठे विलक्षण आहे. ते श्रोत्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी अनेकवचन आहे, आदरार्थी द्वितीय पुरुषही आहे, आणि ‘ज्याने त्याने आपण होऊन’ या प्रयोगातले आत्मवाचकही आहे. बोलणारा, ऐकणारा आणि स्वतः या तिघांना ते एकाच शब्दात वावरू देते. ‘आम्ही’ म्हणताना श्रोता दाराबाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. फ्रँको यांचा नायक दोरखंडाची कप्पी रचून धोंडा उचलण्याची खटपट करीत असताना स्वतःशी जे पुटपुटतो, ते सारे मराठीत ‘आपण’ने आले असते. एकट्या माणसाजवळ निदान एक सोबती असतोच, हे आपल्या व्याकरणाने गृहीत धरले आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत मनाला संबोधून केलेला उपदेश आपल्या कानांना मुळीच कृत्रिम वाटत नाही, त्याचेही मूळ कदाचित येथेच असेल.

आता चित्रपटाच्या मध्यावरील प्रसंगाकडे वळू. आमच्या मते हा त्यातील सर्वोत्तम प्रसंग होय. सकाळच्या एखाद्या हलक्याफुलक्या मुलाखतीच्या कार्यक्रमाची नक्कल नायक कॅमेऱ्यासमोर सुरू करतो. मुलाखत घेणारा तोच, पाहुणा तोच, आणि मध्येच प्रश्न विचारणारा बाहेरचा श्रोताही तोच. पार्श्वभूमीला साठवणीतल्या हशा-टाळ्यांचा आवाज येतो. हा शुद्ध भाण आहे. ‘काय म्हणतोस?’ आणि त्याचे उत्तर एकाच मुखातून निघते. परंतु संस्कृत भाणातील विट भरल्या नगरातून हिंडतो आणि त्याचे अदृश्य श्रोते प्रेक्षकांना खरेच वाटतात. येथे प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे की सभागृह रिकामे आहे. मुलाखतकाराचा सूर खेळकर राहतो आणि प्रश्न मात्र फासासारखे आवळत जातात. शेवटी ‘कोठे जातो आहेस हे तू कोणालाच सांगितले नाहीस?’ या आशयाचा प्रश्न येतो, आणि पाहुणा उत्तरादाखल एकच उद्गार काढतो: ‘ऊप्स.’

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७८ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात अशा उद्गारांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला होता. हातातून वस्तू निसटली, पाय अडखळला, की आपण ‘ऊप्स’सारखा उद्गार का काढतो? वरवर पाहता तो आपोआप निघतो. गॉफमन यांचे म्हणणे असे, की तो आजूबाजूच्यांसाठी असतो. माझा ताबा क्षणभर सुटला खरा, पण ते माझ्या ध्यानात आले आहे, आणि घडले ते किरकोळ आहे, असे त्याने सुचविले जाते. ज्याचा हात धोंड्याखाली काळा पडत चालला आहे त्याने हा उद्गार काढावा यातील भीषणता या विवेचनाने उलगडते. किरकोळ चुकीसाठी असलेला, चारचौघांत काढावयाचा उद्गार प्राणावर बेतलेल्या चुकीसाठी, चौघे नसताना काढला गेला आहे. फ्रँको यांनी तो उच्चारल्यानंतर ठेवलेला विराम पाहण्यासारखा आहे. हसू ओठांवर असतानाच डोळे बदलतात.

मराठीत या उद्गारासाठी काय योजावे? ‘अरेच्चा’ आश्चर्याचा आहे. ‘अर्रर्र’ अधिक जवळचा. दूध सांडले, पेला फुटला, की तो निघतो. परंतु लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ‘अरेच्चा’मध्ये ‘अरे’ दडलेले आहे, आणि ‘अर्रर्र’ उच्चारतानाही कानाला ‘अरे’च जाणवते. म्हणजे कोणालातरी मारलेली हाक. आपली व्याकरणे केवलप्रयोगी अव्ययांचे कप्पे पाडतात. ‘अरे’, ‘अगं’ संबोधनदर्शकांत आणि ‘आई गं’, ‘अरेरे’ शोकदर्शकांत. हे कप्पे पुरते गळके आहेत. ‘आई गं’ हा वेदनेचा उद्गार आहे हे खरे, पण घडणीने ते संबोधन आहे. ‘बाप रे’, ‘देवा रे’, ‘अगं बाई’ हेही त्याच घडणीचे. वेदनेच्या इंग्रजी ‘आउच’मध्ये कोणी श्रोता नाही. ठेच लागलेला मराठी माणूस मात्र रानात एकटा असला तरी आईला हाक मारतो. ती तेथे नाही हे त्याला पुरेपूर ठाऊक असते, किंबहुना तिला हाक मारली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ही हाक भाषेने त्याच्या जिभेवर आधीच ठेवून दिलेली असते. घरचा दूरध्वनी न उचलणाऱ्या या अमेरिकन तरुणाला त्याच्या भाषेने अशी सोय केलेली नव्हती. ‘आई’ या संबोधनापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला अनेक दिवस आणि एक यंत्र लागले.

यंत्राचा उल्लेख आला म्हणून एका अडचणीच्या प्रश्नाला येथेच हात घालतो. राल्स्टन यांनी घळीत खरोखरच असे निरोप ध्वनिचित्रमुद्रित केले होते. ते चित्रण त्यांनी सार्वजनिक केले नाही. बॉइल आणि फ्रँको यांना मात्र ते दाखविले गेले. चित्रपटात नायक निरोप देऊ लागला की पडद्यावरील चित्राचा पोत बदलतो, ते लहान कॅमेऱ्यातले खरखरीत चित्र होते, आणि नायक थेट आपल्याकडे पाहत ‘आई, बाबा’ म्हणतो. म्हणजे प्रेक्षक आई-वडिलांच्या जागी बसविला जातो. ज्या ‘तू’ची जागा एका विशिष्ट स्त्रीसाठी राखून ठेवलेली होती, तीवर तिकीट काढून आलेला परका बसतो. हे योग्य की अयोग्य? एखाद्याचे पत्र फोडून वाचण्याचाच हा प्रकार, असे म्हणणारा समीक्षक आम्ही खोडून काढू शकणार नाही. तरीही आमचा कल बॉइल यांच्या बाजूने आहे. त्या जागेवर बसल्यामुळे प्रेक्षकाला जी अस्वस्थता वाटते ती, आपण ऐकतो आहोत पण उत्तर देऊ शकत नाही, ही आहे. मूळ निरोपातील श्रोत्याचीही स्थिती तीच झाली असती. हात कापण्याच्या दृश्याने येणारी भोवळ शरीराची आहे आणि ती चित्रपटगृहाबाहेर पडताच ओसरते. ही अस्वस्थता तशी ओसरत नाही.

एवढे म्हटल्यावर चित्रपटातील मोठ्या वैगुण्याकडे डोळेझाक करता येत नाही. बॉइल यांना निःशब्दतेचे भय वाटते. नायक क्षणभर गप्प झाला की लगेच आठवणी, स्वप्ने, शीतपेयांची दृश्ये, वादळ, संगीत यांची गर्दी होते. ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ची मुंबई त्या घळीत शिरते म्हणा ना. तरुणींबरोबर भूगर्भातील पाण्याच्या डोहात उड्या मारण्याचा प्रसंग तर प्रत्यक्षात घडलेलाच नाही. स्वतः राल्स्टन यांनी चित्रपटाला जवळजवळ माहितीपटाइतका सत्यनिष्ठ म्हटले असले तरी हा अपवाद आहेच, आणि तो अनावश्यक आहे. या ठिकाणी जे. सी. चँडर यांच्या ‘ऑल इज लॉस्ट’ (२०१३) या चित्रपटाची आठवण होते. हिंदी महासागरात एकटा नौकानयन करणारा वृद्ध त्यात आरंभीच्या निरोपानंतर जवळजवळ काहीच बोलत नाही. तेथे निःशब्दतेवर विश्वास आहे. आणि आपल्या मुंबईतच घडणारा विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ (२०१७) याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. प्रभादेवीतील रिकाम्या उंच इमारतीत कोंडलेल्या तरुणाभोवती लाखो श्रोते आहेत, पण शहराच्या गोंगाटात त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. तो शेवटी उंदराशी बोलतो. १७१९ सालच्या रॉबिन्सन क्रूसोने पोपटाला आपले नाव घ्यावयास शिकविले होते, आणि ‘कास्ट अवे’ (२००० ) मधील माणसाने चेंडूला तोंड काढून नाव दिले होते. पोपट, चेंडू, उंदीर आणि कॅमेरा ही एकाच कुळातील साधने आहेत. परंतु पोपटाचे एक वैशिष्ट्य कॅमेऱ्यात मात्र आहे व चेंडूत नाही: तो माणसाचे शब्द माणसाला परत ऐकवितो. बॉइल यांचा नायक आपलेच चित्रण उलटे फिरवून पाहतो, तेव्हा तो स्वतःचा श्रोता झालेला असतो.

एका ठिकाणी मात्र तो श्रोत्याची आशा सोडतो. कातळावर तो आपले नाव, जन्माचा महिना व वर्ष, आणि मृत्यूचा म्हणून एप्रिल २००३ कोरतो. हा शिलालेख तृतीय पुरुषी आहे. त्यात ‘मी’ नाही आणि ‘तू’ही नाही. बेन्व्हेनिस्त यांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे माणूस ‘पुरुष’च राहिलेला नाही. यानंतर त्याला एक लहान मूल दिसते, आपला भावी मुलगा. हा प्रसंग राल्स्टन यांच्या पुस्तकातीलच असल्याने त्याला पटकथाकारांची भावविवशता म्हणून बाजूस सारता येत नाही. ते मूल बोलत नाही, केवळ पाहते. पण त्याच्या पाहण्याने शिलालेखातील ‘तो’ पुन्हा ‘मी’ होतो. एप्रिल संपतो, मे उजाडतो, आणि कातळावरील तारीख खोटी ठरते.

हात कापण्याच्या प्रसंगात भाषा जवळजवळ नाही. मज्जातंतूला हत्यार लागते तेव्हा किंकाळीपेक्षा एक कर्कश विद्युत्-नाद कानात घुसतो. येथे रहमान आणि ध्वनिसंयोजक यांनी शब्दांचे काम योग्य रीतीने आपल्याकडे घेतले आहे. सुटल्यावर नायक मागे सरकतो, धोंड्याचे छायाचित्र घेतो आणि आभाराचा एक शब्द उच्चारतो. कोणाचे आभार, हे चित्रपट सांगत नाही, आणि न सांगण्यात औचित्य आहे.

मग दोराने खाली उतरून तो उन्हात चालू लागतो. दूरवर तीन माणसे पाठमोरी जाताना दिसतात. तो ओरडतो, पण पहिल्यांदा आवाजच फुटत नाही. दुसऱ्यांदा फुटतो. मदत हवी आहे, असे तो सांगतो. चित्रपटभर इतके बोललेल्या या माणसाने, समोर खरा श्रोता असताना, स्वतःसाठी काही मागण्याची ही पहिलीच वेळ. मराठीत येथे ‘वाचवा’ हे क्रियापद योजावे लागेल, आणि ते नेहमी अनेकवचनी असते. संकटातला माणूस ‘वाचव’ म्हणेल ते देवाला किंवा आईला, परक्याला नव्हे. आणि तो परका येथे खरोखरच परका आहे. ते कुटुंब नेदरलँड्सहून फिरावयास आलेले, म्हणजे विगोत्स्कींच्या प्रयोगातील परभाषी मंडळी. ती थबकतात, मागे वळून पाहतात, धावत येतात, आणि बोलण्याआधी त्याला पाणी देतात.